रोकडे सरांची वीतभर माती

दामोदर रोकडे सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या प्रयोगशाळेत झाली, आणि त्या भेटीत मी चांगलीच गोंधळले होते. लग्न होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. रसायनशास्त्राची पदवी हाताशी होती म्हणून भिवंडीतल्या या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी शिपायानं मला दारापर्यंत आणून सोडलं. आत एक उंच, सडपातळ गृहस्थ खिडकीशी पाठमोरे उभे होते. बाहेरच्या लूमच्या खडखडाटामुळे त्यांना माझी चाहूल लागली नसावी. मी नाव सांगितलं तेव्हा ते वळले, हात स्वच्छ आहेत का विचारलं, आणि मी हो म्हणताच माझ्या तळहातावर मूठभर ओलसर माती ठेवली. डोळे मिटून वास घ्यायला सांगितला. नव्या माणसाची चेष्टा करण्याची इथे पद्धत असावी असं मला वाटलं. तरी वास घेतला. कसलाच वास येत नव्हता. मग त्यांनी दुसऱ्या तळहातावर दुसरी मूठ ठेवली. तिला रानातल्या कुजलेल्या पानांचा, अळंब्यांचा दाट वास होता.

सर म्हणाले, "पहिली माती शेतातली. दुसरी त्याच शेताच्या बांधावरची. दोन्हींमध्ये चार पावलांचं अंतर आहे."

मी दोन्ही हात पसरून तशीच उभी राहिले. पदवीच्या तीन वर्षांत मी कितीतरी क्षारांची नावं पाठ केली होती, पण ज्या शेतात भात पिकतो त्या शेतातली माती बांधावरच्या मातीच्या मानानं मेल्यासारखी असू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः शेतकऱ्याची लेक आणि शेतकऱ्याची सून. तो धक्का मला अजून आठवतो. सरांच्या सहवासात असे आणखी काही धक्के बसले. सरांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात बाकीचे स्नेही त्यांच्या अध्यापनाविषयी लिहितीलच. मला सर जसे कळले ते या धक्क्यांमधूनच कळले, म्हणून मी त्यांविषयीच लिहिते.

सरांच्या घरी कधीच शेती नव्हती. त्यांचे वडील अंबाडीच्या बाजूच्या एका गावात दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे. नांगर, लावणी, कापणी, झोडणी, सगळं त्यांच्या हातून व्हायचं आणि पीक मालकाच्या घरी जायचं. सर शिकले, रसायनशास्त्राचे शिक्षक झाले, भिवंडीत दोन खोल्यांचं घर केलं. परंतु मातीची ओढ त्यांनी सोडली नाही. शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेत थांबत आणि आसपासच्या गावांतून आलेली माती तपासत. शेतकरी बाजाराला येताना पिशवीतून माती आणत आणि शिपायाच्या टेबलावर ठेवून जात. तिचा आंबटपणा आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेला पाला, मुळं आणि बारीक जीव यांच्यातून मातीत उरलेला अंश, एवढ्या दोन गोष्टी शाळेतल्या साधनांवर पाहता येत. बाकीसाठी सर नमुना सरकारी प्रयोगशाळेत धाडत. यासाठी त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. आठवड्याभरात शेतकऱ्याला एका कागदावर सुवाच्य अक्षरात निष्कर्ष मिळे आणि खाली सोप्या मराठीत दोन-तीन ओळींचा सल्ला.

मी या कामात पडले ती पहिल्याच वर्षी. सरांनी मला तपासणी शिकवली, चार वेळा चुकू दिलं, पाचव्या वेळी बरोबर आल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला. खाली 'तपासणी करणार' असं लिहून त्यापुढे त्यांनी माझं नाव घातलं होतं. मी म्हटलं, सर, माझं कशाला. ते म्हणाले की तपासणी तुम्ही केलीत, माझं नाव घातलं तर ते खोटं होईल. सासरी तो कागद मी कुणाला दाखवला नाही, पण पुढे कुणा शेतकऱ्यानं तो आमच्या गावात नेला आणि माझं नाव वाचलं गेलं. माझे सासरे काथोडबाबा त्या दिवशी जेवताना दोनदा माझ्याकडे बघून गेले.

सरांच्या सचोटीचा एक प्रसंग सांगायलाच हवा. अंबाडीकडच्या एका शेतकऱ्याला सरांनी जमिनीत चुना घालायला सांगितला होता. त्यानं तो घातला. दोन महिन्यांनी जुन्या वह्या चाळताना सरांच्या लक्षात आलं की त्या दिवशी दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ज्याला चुना हवा होता त्याला मिळाला नाही, आणि नको होता त्यानं घातला. चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी सर अंबाडी नाक्यावर गेले, मीही बरोबर होते. तो शेतकरी चहाच्या टपरीवर आठ-दहा जणांत बसला होता. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की माझ्या हातून चूक झाली, तुमच्या जमिनीला चुन्याची गरज नव्हती. तो माणूस चहाचा ग्लास हातात धरून नुसता बघत राहिला. शाळेचे मास्तर भर नाक्यावर हात जोडून उभे आहेत, हे त्याला समजेना.

"मास्तर, सांगितलं नसतंत तर मना कळलं पन नसतं," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगायला आलो," सर म्हणाले.

ती जमीन ताळ्यावर येईपर्यंत सर दर हंगामाला तिथे जाऊन नमुना घेत राहिले. माझं नाव त्यांनी त्या टपरीवर किंवा नंतर कधीही काढलं नाही. चिठ्ठ्यांची चूक माझी होती हे आज इथे मीच पहिल्यांदा लिहिते आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

वडप्याजवळच्या आमच्या गावात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, थोडी भातशेती होती आणि तिच्या वरच्या अंगाला वीस गुंठ्यांचा वरकस तुकडा होता. वरकस म्हणजे चढावरची जमीन, जिथे पाणी ठरत नाही आणि भात होत नाही. पूर्वी तिथे नाचणी करत, पुढे नुसतं गवत वाढे. सरांना प्रयोगासाठी जमीन हवी होती. मी धीर करून बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "घेऊ दे मास्तरांना. आपल्या पोटाला न्हाय लागत ते."

त्या तुकड्यावर सरांनी पाच वर्षं काम केलं. दर रविवारी सकाळी ते भिवंडीहून टेम्पोनं येत, चपला काढून बांधावर ठेवत आणि अनवाणी आत जात. पहिल्या वर्षी त्यांनी चढावर आडवे छोटे बांध घातले, वाहून जाणारं पाणी अडवलं. बांधावर गिरिपुष्प या हिरवळीच्या खताच्या झाडाच्या फांद्या खोचल्या, त्यांचा पाला मातीत मिसळत गेले. ताग पेरून फुलोऱ्यावर येताच खतासाठी मातीत गाडला. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या आधी जागेवर पाला, काटक्या आणि शेण जाळायची रीत आहे. सरांनी ती जाळपोळ त्या तुकड्यावर होऊ दिली नाही, तोच पाला कुजवला. दरवर्षी मे महिन्यात ते एका बरणीत तिथली माती भरत आणि वर वर्ष लिहीत. पहिल्या बरणीतली माती फिकट पिवळी होती. पाचव्या बरणीतली काळसर तपकिरी, भुसभुशीत, आणि तिला तो अळंब्यांचा वास होता. तुकड्यात हात घातला की वीतभर आत जाई. एके रविवारी सरांनी मला एक ढेकूळ फोडून दाखवलं. आत चार गांडुळं होती. परीक्षेत पहिला आलेला मुलगा हसतो तसे सर हसले होते.

एक गोष्ट मला तेव्हा दिसत होती पण समजत नव्हती. पाच वर्षांत सर आमच्या ओटीवर एकदाही बसले नाहीत. मी चहासाठी बोलवायला जाई तेव्हा ते म्हणत की पाय मातीचे आहेत, इथेच आणा. मी बांधावर चहा नेई. बाबाही कधी म्हणाले नाहीत की मास्तर, वर या. सर बौद्ध कुटुंबातले, त्यांचे वडील आमच्यासारख्यांच्याच शेतावर राबलेले. ओटीवर यायचं की नाही हा प्रश्न कुणावर येऊच नये म्हणून सर पायांची माती पुढे करत होते, हे मला फार उशिरा उमगलं. ते उमगलं तेव्हा स्वतःची लाज वाटली, कारण तो चहा नेणारी मीच होते.

पाचव्या वर्षी, मे महिन्यातली बरणी भरून झाल्यावर, मी पंधरा दिवस माहेरी गेले होते. परतताना हायवेवर उतरले आणि नेहमीच्या पायवाटेनं वरकसावरून घरी निघाले. वाटेत मी थांबले. मला वाटलं, बोलण्याच्या नादात आपण चुकीच्या वाटेला लागलो. पण बरोबर कुणीच नव्हतं, मी कुणाशी बोलत नव्हते. समोर तांबडी-पिवळी उघडी जमीन होती, एका पातळीत खरवडलेली, तिच्यावर जेसीबीच्या दातांच्या रेघा आणि डंपरच्या चाकांचे ठसे. बांध नव्हते. गिरिपुष्प नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पलीकडचं आंब्याचं झाड, विजेचा खांब, शेजाऱ्याचं कुंपण अशा खुणा एकेक करून बघितल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. फक्त मधली माती नव्हती.

घरी आले तर बाबा ओटीवर समाधानानं बसले होते. हायवेलगत एक नवं गोडाऊन उठत होतं. त्याच्या भरावाला माती हवी होती, म्हणून ठेकेदार गावात विचारत फिरत होता. माती द्या, तुमची जमीन फुकट सपाट करून देतो, असं त्यानं सांगितलं. बाबांना ते पटलं. चढ उतरला की पाणी ठरेल आणि पाणी ठरलं की भात होईल, हा त्यांचा हिशेब. मागच्या रविवारी सर येऊन गेल्यावर तीन दिवस काम चाललं होतं. माझे पती दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळीला, दिवसा झोपलेले. त्यांनाही काम संपल्यावरच कळलं.

मी एवढंच विचारू शकले की सरांची माती कुठे आहे.

बाबा म्हणाले, "सरांची कशी? जमीन आपली, माती आपली हाय ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच आश्चर्य होतं. आणि सातबारा त्यांच्याच नावावर होता. कुणी चोरी केली नव्हती, कुणी फसवलंही नव्हतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपल्या शेताचं भलं व्हावं म्हणून हे केलं होतं.

मी सरांना फोन केला. काय झालं ते मला नीट सांगता आलं नाही. या, एवढंच मी म्हणाले.

सर तासाभरात आले. बांध जिथे होता तिथे येऊन त्यांनी सवयीनं एका पायातली चप्पल काढली. मग समोर बघितलं. थोडा वेळ ते तसेच उभे होते, एक पाय अनवाणी. मग त्यांनी ती चप्पल पुन्हा पायात घातली. मी अनेक माणसांना दुःखात बघितलं आहे, पण ते चप्पल घालणं मला अजून बघवत नाही. ते खाली बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. बाबा घरातून येऊन थोड्या अंतरावर उभे राहिले. काहीतरी बिघडलं आहे हे त्यांना आता जाणवलं होतं, काय ते कळत नव्हतं.

सरांनी विचारलं, "काथोडदादा, किती खोल काढली?"

बाबांनी हातानं दोन विती दाखवल्या. सरांनी मान हलवली, उठले आणि हायवेच्या दिशेनं चालू लागले. मी मागोमाग गेले.

गोडाऊनच्या जागेवर रोलर फिरत होता. तिथला मुकादम उत्तर प्रदेशचा, मध्यमवयीन माणूस. सरांनी त्याला हिंदीत विचारलं की वरकसावरून आलेली माती कुठे टाकली. त्यानं रोलरखालच्या जमिनीकडे बोट केलं. "वो तो नीचे चली गई साहब. ऊपर मुरूम पड़ गया." सर त्या सपाट केलेल्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांना कडेला, कंपाउंडच्या खड्ड्यापाशी एक छोटा ढीग दिसला. ते तिथे गेले, मूठभर माती उचलली, हुंगली आणि माझ्यापुढे धरली. वास घ्यायची गरजच नव्हती. रंगावरूनच ओळखू येत होती.

मुकादम कुतूहलानं जवळ आला. सरांनी मूठ त्याच्यापुढेही केली. त्यानं वास घेतला, बोटांत चुरली, आणि त्याचा चेहराच बदलला. तो हळू आवाजात म्हणाला, "ये भराव की मिट्टी नहीं है, साहब. ये तो खेत है. ये किसने दे दी?"

कुणी दिली ते सरांनी सांगितलं नाही. मुकादमानं रोलर थांबवायला लावला, पण खालचं आता काही निघण्यासारखं नव्हतं. मग त्यानं आपल्या माणसांकडून तो ढीग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून घेतला. अकरा गोण्या झाल्या. हायवेवर थांबवलेल्या टेम्पोपर्यंत शेवटची गोणी त्यानं स्वतःच्या खांद्यावरून आणली. पाच वर्षांतलं तेवढंच वाचलं.

त्यानंतर मी बाबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, शब्द नाही. आठवडाभरात हे सरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं; आयुष्यात ते माझ्यावर रागावले ते तेव्हाच. मी म्हटलं, सर, तुम्हाला राग येत नाही का, तुमची पाच वर्षं गेली. ते जे म्हणाले त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती.

"वंदनाबाई, चूक माझी आहे. पाच वर्षं मी त्यांच्या जमिनीवर काम केलं आणि तिचं काय होतंय ते त्यांना एकदाही सांगितलं नाही. कागद तुम्हाला दिले, बरण्या शाळेत ठेवल्या. मालकाला काय दिसलं? एक मास्तर रविवारी येतो आणि चिखलात खेळतो. त्यांनी वरकस दिलं, वरकसच उचलून नेऊ दिलं."

मी म्हटलं, तुम्ही सांगणार कुठे, तुम्ही तर कधी ओटीवरसुद्धा आला नाहीत. वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेच म्हणतोय मी. मान सांभाळत बसलो. त्यांचाही आणि माझाही." मग ते म्हणाले की आत्ता लगेच गेलो तर भांडायला आलो असं त्यांना वाटेल, पाऊस होऊन जाऊ दे. तोवर तुम्ही बोलायला लागा.

ज्यांचं सगळं गेलं त्यांनीच दोष स्वतःकडे घ्यावा, यानं मी अक्षरशः हादरले. हा विनय नव्हता. अंबाडीच्या टपरीवर चिठ्ठ्यांची चूक सांगितली तितक्याच सरळपणे त्यांनी ही चूकही तपासून काढली होती.

पावसाळ्यात बाबांनी त्या तुकड्यात भात लावला. पाणी ठरलं, बाबांचा अंदाज त्या बाबतीत बरोबर होता. पण रोपं धरेनात. खालच्या शेतातला भात गुडघ्यापर्यंत आला तेव्हा वरचा वीतभर होता, पानं पिवळी, टोकं करपलेली. बाबांनी खताची गोणी टाकली, आठ दिवस हिरवटपणा आला आणि पुन्हा गेला. बाबा रोज सकाळी जाऊन उभे राहत आणि परत येत. चाळीस-पन्नास वर्षं भात पिकवलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. गणपती झाल्यावर त्यांनी स्वतःहून मला विचारलं, मास्तर येतील का.

त्या रविवारी सर आले, विहिरीवर पाय धुतले आणि सरळ आमच्या ओटीवर चढले. बाबा उठून उभे राहिले. सरांनी पिशवीतून एकेक करत पाच बरण्या काढून रांगेत मांडल्या आणि सहावी, मे महिन्यात माती गेल्यावर वरकसावरून भरलेली. मग माझ्याकडून काचेचे दोन ग्लास मागून घेतले, पाण्यानं भरले. एका ग्लासात सहाव्या बरणीतलं सुकं ढेकूळ सोडलं. ते पाण्यात जाताक्षणी विरघळलं, फुटलं, सगळा ग्लास गढूळ झाला. दुसऱ्या ग्लासात त्यांनी पाचव्या बरणीतलं ढेकूळ सोडलं. ते तळाशी जाऊन बसलं आणि तसंच राहिलं. पाणी वर निवळ होतं. आम्ही बघत होतो. चहा होईपर्यंत ढेकूळ तसंच होतं.

सरांनी बाबांना समजावून सांगितलं की मुळं, गांडुळं आणि न दिसणारे जीव मिळून मातीचे कण असे धरून ठेवतात, म्हणून पावसात ती वाहत नाही, तिच्यात हवा राहते, पाणी राहतं, पिकाला जे लागतं ते राहतं. पहिल्या बरणीपासून पाचव्यापर्यंत ते कसं वाढत गेलं ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बाबांनी पाचवी बरणी उचलली, झाकण काढलं आणि बराच वेळ नाकाशी धरली.

"हे मना आधी कशापायी न्हाय दाखवलं, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"चुकलं माझं," सर म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "तुमचं कशाला. द्यायला मीच गेलतो." मग आत वळून त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं की मास्तर जेवूनच जातील. सर जेवले. बाबांनी स्वतः त्यांना भात वाढला. सासूबाई दाराआडून बघत होत्या आणि माझ्या हातातलं वरणाचं भांडं मला जड झालं होतं.

त्या अकरा गोण्यांचं काय झालं असं मला पुष्कळ जण विचारतात. सरांनी ती माती नुसती पसरली नाही. ती त्यांनी आमच्या शेणखताच्या आणि पाल्याच्या खड्ड्यात थरांमध्ये घातली. घरात आपण विरजण लावतो तसं, असं त्यांनी बाबांना सांगितलं, आणि बाबांना ते चटकन कळलं. ते खत चार उन्हाळे त्या तुकड्यावर जात आहे. बाबांनी स्वतः पुन्हा आडवे बांध घातले, पुन्हा गिरिपुष्प खोचलं. आता रविवारी सर येण्याच्या आधी तेच तिथे पोचलेले असतात आणि उशीर झाला तर कुरकुर करतात.

मी इथे खोटा आनंद लिहिणार नाही, सरांना ते चालणार नाही. यंदाच्या मे महिन्यात भरलेल्या बरणीतली माती अजून पूर्वीच्या दुसऱ्या बरणीएवढीच झाली आहे. दरम्यान आमच्या गावातली निम्मी शेतं गोडाऊनखाली गेली. ज्यांना जायचं त्यांना सर अडवत नाहीत, त्यांना तो अधिकार नाही असं ते म्हणतात. पण जी जमीन शेती म्हणून राहणार आहे तिची वरची माती आता आमच्या गावातून कुणी भरावाला देत नाही. ठेकेदाराची माणसं आली की बाबा त्यांच्यादेखत दोन ग्लास पाणी मागवतात. गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यावरून त्यांना यासाठी बोलावणं आलं होतं. बाबांना लिहिता-वाचता येत नाही, तरी तिथे जाऊन त्यांनी तासभर मातीवर भाषण केलं, आणि प्रत्येक वाक्याआधी 'आमचं मास्तर म्हंतात' असं म्हणाले.

हा लेख लिहिण्याआधी मी दोघांचीही परवानगी घेतली. बाबा म्हणाले, लिव्ह, माझ्यासारखं दुसऱ्यानं करू नये. सरांनी मात्र दोन अटी घातल्या की माझा गौरव कमी लिहा आणि माझी चूक पूर्ण लिहा. दुसरी अट मी पाळली आहे.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या एका बाईंनी आपली बारा गुंठे पडीक जमीन सरांच्या हवाली केली. सर गुडघेदुखीनं लंगडत तिच्यावरून फिरले, चार ठिकाणी खणून बघितलं आणि म्हणाले की चांगली माती व्हायला बारा वर्षं लागतील. साठीच्या माणसाच्या तोंडून ते ऐकून बाई चमकल्या, मीही चमकले. सरांनी मात्र वही उघडून पहिल्या वर्षाची कामं लिहायला घेतली. बाबा शेजारी उभे होते. ते इतकंच म्हणाले, "मंग बारा वर्षं रविवार चुकवायचा न्हाय, मास्तर."

सर, या ग्रंथाच्या वाचकांच्या वतीनं मीही तेच मागते. तुमच्या गुडघ्यांना बळ राहो, डोळ्यांना बरणीवरचे आकडे दिसत राहोत, आणि तुमच्या सोबतीनं वाकून माती उचलायला आम्ही सगळे शाबूत राहू. बारा वर्षं त्या नव्या तुकड्याची. बाईंचा मुलगा म्हणतो की त्यानंतरसाठी आमचा आणखी एक तुकडा आहे.